मुलांच्या ओळींवर आपली लेखणी फिरवू नये

गेल्या उन्हाळी सुट्टीत सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत सातवी ते नववीच्या मुलांनी मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे काव्यपट, म्हणजे स्वतःच्या कवितेवरचे छोटे चित्रपट, तयार केले. विषय होता ‘माझा आदर्श आणि मी’. मराठीचा निवृत्त शिक्षक म्हणून कवितांची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या दिवसांत माझ्या हातून जी चूक झाली, ती इतर शिक्षकांच्या आणि पालकांच्या हातून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आठवीतील एका मुलीने विड्या वळणाऱ्या आपल्या आजीची निवड केली. तेलुगू घरातील ती मुलगी आजीला ‘अव्वा’ म्हणते. भिजवलेली पाने कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, मोजून बंडले बांधायची आणि कारखान्यात नेऊन द्यायची, हे सारे तिने जन्मापासून पाहिलेले. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे त्या घरात दिवस मोजण्याचे मापही हजार हेच. तिने लिहिले होते: ‘अव्वाची हजार पानं वळून होतात, माझं एक पान लिहून होत नाही.’ मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी ‘आजीच्या कष्टांतून माझे भविष्य फुलते’ असे लिहून दिले. विडीचे पान आणि वहीचे पान यांना तिने एका ओळीत आणून बसवले होते, हे चाळीस वर्षे कविता शिकवलेल्या माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, ‘सर, तुमची ओळ अव्वाला तेलुगूत करून सांगितली. ती म्हणाली, हे कोणाबद्दल आहे?’ त्याच दिवशी मूळ ओळ परत आली.

हाच प्रश्न थोर पुरुषांच्या बाबतीतही येतो. एका मुलाने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची निवड केली. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच वारला. मुलाचा पहिला मसुदा म्हणजे पाठ्यपुस्तकातील उताऱ्याला जोडलेली यमके होती. ‘तुला यातले काय खरोखर आश्चर्याचे वाटते?’ एवढेच मी या वेळी विचारले, कारण तोवर मी शहाणा झालो होतो. तीन दिवसांनी त्याने आणलेल्या ओळी अशा होत्या: ‘माझा काका बत्तीसचा. तो पुण्याला निघाला तरी आजी दारात उभी राहते. डॉक्टरांची आई किती दिवस उभी राहिली असेल?’ पडद्यावर कोटणीसांचे छायाचित्र एकदाही येत नाही. येतो तो त्या मुलाच्या घराचा उंबरठा, आणि तो रिकामा. माझ्या मते त्या सुट्टीतला हा सर्वांत चांगला काव्यपट होता.

स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरही दोन काव्यपट झाले, पण दोन्ही पुतळ्यांभोवतीच फिरत राहिले.

शेवटी ‘यातून मी काय शिकलो’ असे एक वाक्य असावे, असा काही पालकांचा आग्रह होता. त्यांची कळकळ मी समजू शकतो, तरीही तो आग्रह मला चुकीचा वाटतो. मुलाची वाढ त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मसुद्यांमधल्या अंतरात दिसते. ‘मीही असाच मोठा होईन’ हे वाक्य आठ मुलांच्या तोंडी घातले, तर आठही काव्यपट एकसारखे होतात आणि आठही मुले त्यांतून नाहीशी होतात.

चित्र आणि शब्द यांच्या नात्याबद्दल मात्र मोठ्यांनी अवश्य शिकवावे. ओळीत ‘हात’ हा शब्द असेल, तर त्या क्षणी पडद्यावर हात दाखवू नये. कान पाने कापणारी कात्री ऐकत असतील, तर डोळ्यांना दुसरे काही पाहू द्यावे. पूर्व भागात यंत्रमागांची खडखड कुठेही पाठ सोडत नाही, म्हणून मुलांनी एक युक्ती शोधली. दारे-खिडक्या लावून दोन जाड सोलापुरी चादरी डोक्यावरून ओढून घ्यायच्या आणि आत बसून कविता वाचायची. त्याने खडखड बरीच दबते आणि खोलीतला घुमाराही जातो. त्या अंधारात कोणी पाहत नसल्यामुळे लाजाळू मुलांचे आवाजही मोकळे झाले, हा लाभ आम्हांला अनपेक्षित होता.

दिवाळीच्या सुट्टीत दुसरी तुकडी बसणार आहे. जे शिक्षक आणि पालक मुलांना पाठवतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी मुलाच्या हस्ताक्षरातला पहिला कागद, खाडाखोडीसह आणि शुद्धलेखनाच्या चुकांसह, जसा आहे तसा त्याच्याबरोबर द्यावा. घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलली जात असेल, तर त्या भाषेतले शब्दही त्या कागदावर राहू द्यावेत.