दुधासारखं पाणी, म्हणजे कॅन्सरच?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : "पोटातून दुधासारखं पाणी निघालं की कॅन्सर पक्का. दूध-तूप बंद, रोज दोन चमचे खोबरेल घ्या. पोट भरलं की पाणी काढून टाका." पाठवणारे डॉक्टर नाहीत, पण ठामपणा बघा.

"कॅन्सर पक्का." जेवणातली चरबी आतड्यातून लसिकावाहिन्यांत (लसिका, म्हणजे लिम्फ, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) शिरते आणि मणक्यापुढून, महाधमनीला खेटून वर जाते. ही वाट तुंबली किंवा फुटली की ती चरबी पोटात झिरपते. कॅन्सर, विशेषतः लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), हे मोठं कारण आहे. तो शोधायलाच हवा. पण लिव्हर सिरॉसिस आहे, पोटाचं ऑपरेशन आहे, आपल्याकडे टीबी आणि हत्तीरोगही आहेत. आणि क्वचित रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस. यात महाधमनीभोवती चिवट तंतुमय थर साचतो. तो बहुधा मूत्रवाहिन्या आवळतो, म्हणून कंबर दुखते, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढतं, सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते. लसिकावाहिन्या त्यात सापडल्या तर पोटात दुधी पाणी. १९४८ साली ऑर्मंड या मूत्ररोगतज्ज्ञाने या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याचं नाव याला चिकटलंय. बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही, काहींत आयजीजी-४ चा (प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा) आजार निघतो. स्टेरॉइडने अनेकांना उतार पडतो. मात्र कॅन्सरही हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून बायोप्सीचा आग्रह. आणि टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर पंचाईत.

मुळात पाणी दुधी दिसलं म्हणून ते काइलच (चरबीने दुधी झालेली लसिका) असं नाही. पूही गढूळ असतो. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की पू खाली बसून वरचं पाणी निवळतं. काइल दुधीच राहतं. रिपोर्टवर ट्रायग्लिसराइडची, म्हणजे चरबीची, ओळ शोधा : २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर काइल म्हणा.

"तूप बंद." इथे अंधारात मारलेला दगड लागला. दूध मात्र साय काढलेलं चालतं, प्रोटीन तर हवंच.

"खोबरेल." कोणीतरी एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीच्या) तेलाबद्दल अर्धवट ऐकलंय. एमसीटीतली मध्यम साखळीची चरबी थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत जाते, लसिकेची वाट टाळते. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, आणि त्याचा बराच भाग लसिकेतूनच जातो. शिवाय सिरॉसिस असेल तर एमसीटीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

"पाणी काढून टाका." त्याने श्वास मोकळा होतो, पण दर वेळी प्रोटीन आणि लिम्फोसाइट्सही (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाहून जातात. पोट पुन्हा पुन्हा भरत असेल, तर टॅपिंगची (सुईने पाणी काढण्याची) पुढची तारीख घेण्याआधी सीटी स्कॅन झालाय का, एवढं विचारा.