डाग पडू नये, एवढंच?

टॅम्पॉनच्या, म्हणजे पाळीत रक्त शोषायला योनीत घालायच्या बोळ्याच्या, खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. अक्षरं इतकी बारीक की बहुतेक जणी तो वेष्टणाबरोबरच फेकून देतात. त्यावर टॉक्सिक शॉक सिंड्रोमची, म्हणजे जिवाणूच्या विषामुळे होणाऱ्या टीएसएस या जीवघेण्या आजाराची, लक्षणं असतात: एकदम चढलेला ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखं पुरळ, चक्कर. हा इशारा कुणाच्या चांगुलपणामुळे आलेला नाही. १९८२ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सक्ती केली म्हणून आला. आणि त्या सक्तीआधी बायका मेल्या होत्या.

गोष्ट ‘रेलाय’ नावाच्या टॅम्पॉनची आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने सत्तरच्या दशकात तो आणला, घरोघरी फुकट नमुने वाटले. आत कापूस नव्हताच. चहाच्या पिशवीसारख्या आवरणात फोमचे तुकडे आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे ओल लागली की फुगून जेल होणारा पदार्थ. जाहिरातीचा दावा असा की हा टॅम्पॉन काळजीसुद्धा शोषून घेतो. काळजी कसली, तर डागाची. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. पाळीची वस्तू चांगली की वाईट, हे आपण पिढ्यानपिढ्या एकाच गोष्टीवरून ठरवत आलो: डाग पडला की नाही. कंपन्यांनीही मग तीच एक शर्यत लावली. जास्त शोषणारं, जास्त वेळ टिकणारं. शरीराच्या आत ती वस्तू तासन् तास काय करते, हा प्रश्न रांगेत शेवटी उभा होता.

ती काय करते ते पुढे कळलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कित्येकांच्या अंगावर निमूटपणे राहतो. टॅम्पॉनबरोबर आत हवा जाते, रक्त असतंच, आणि या जिवाणूच्या काही जातींना विष तयार करायला तेवढं पुरतं. बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ज्यांच्यात नसतात, आणि त्यात तरुण मुली जास्त, त्यांचा रक्तदाब कोसळतो. आजाराला टीएसएस हे नाव १९७८ मध्ये डेन्व्हरच्या जेम्स टॉड या बालरोगतज्ज्ञाने दिलं होतं, पण त्याचे रुग्ण लहान मुलंमुली होते. पाळीशी संबंध कुणाच्या डोक्यातही नव्हता. १९८० च्या सुरुवातीला विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातून पाळी चालू असलेल्या तरुणींच्या केसेस येऊ लागल्या तेव्हा धागा जुळला. त्या एका वर्षात अमेरिकेत पाळीशी निगडित ८१३ केसेस नोंदल्या गेल्या, ३८ जणी दगावल्या. सप्टेंबरमध्ये रेलाय बाजारातून मागे घेतला गेला.

एवढं झाल्यावर तरी सगळं भराभर सुधारलं असेल ना? नाही. टॅम्पॉन किती शोषतो हे सांगणाऱ्या पाकिटावरच्या ‘रेग्युलर’ आणि ‘सुपर’ या शब्दांना ठरलेला अर्थच नव्हता. प्रत्येक कंपनीचं माप आपापलं. धोका टाळायला कमी शोषणाचा घ्या, हा सल्ला मग पाळायचा कसा? बायकांच्या आरोग्यासाठी झगडणाऱ्या संघटनांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा १९८९ मध्ये सगळ्यांना एकच मोजमाप लागू करणारा नियम झाला. रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम द्रव शोषणारा, सुपर ९ ते १२.

आणि ते मोजायचं कशाने? मिठाच्या पाण्याने. जाहिरातीत निळं पाणी, प्रयोगशाळेत खारं पाणी, रक्त कुठेच नाही! २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पॅड, टॅम्पॉन, कप असे २१ प्रकार मुदत संपलेल्या खऱ्या रक्तपेशी वापरून तपासले, तर पाकिटावरच्या दाव्यांत आणि प्रत्यक्षात भलताच फरक निघाला. आता विचार करा, ‘दिवसाला किती पॅड लागतात?’ या उत्तरावरून डॉक्टर रक्तस्राव जास्त आहे की नाही याचा अंदाज बांधतात.

माहितीची अशी पोकळी असते तिथे अफवा घुसतात. रक्तस्राव वाढून खप वाढावा म्हणून कंपन्या टॅम्पॉनमध्ये ॲस्बेस्टॉस घालतात, असा ईमेल नव्वदच्या दशकात जगभर फिरला. साफ खोटं. पण त्याच काळात क्लोरीनने ब्लीच केलेल्या लगद्यातल्या डायॉक्सिन या विषारी रसायनाबद्दलची चिंता खरी होती आणि ब्लीच करायची पद्धत पुढे बदललीही. अशी फॉरवर्ड पसरवणाऱ्यांचा मला राग येतो, पण ‘उगाच घाबरू नका’ म्हणणाऱ्यांचा जास्त येतो. घाबरायचं की नाही हे ठरवायला माहिती द्या की आधी! आत काय काय आहे ते पाकिटावर छापा, असा कायदा करणारं न्यूयॉर्क हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, तेही २०१९ मध्ये.

२०२४ च्या एका अभ्यासात ३० टॅम्पॉन तपासले आणि शिसं सगळ्यांत सापडलं. ते शरीरात उतरतं का, हे त्या अभ्यासाने तपासलं नव्हतं. बातम्यांनी मात्र मथळ्यात विष ओतून टाकलं.

‘ऑरगॅनिक कॉटन’वर विसंबणाऱ्यांसाठी: फ्रान्समधल्या २०१८ च्या प्रयोगात शुद्ध कापसाने टीएसएसपासून वेगळं संरक्षण दिलं नाही. कपमुळेही टीएसएस झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. हा आजार फार दुर्मीळ आहे, वापरणं सोडा असं मी म्हणत नाही. कमीत कमी शोषणाचा टॅम्पॉन घ्या, चार ते आठ तासांत बदला. पाळीत अचानक ताप चढून पुरळ आलं तर तो काढा, ताबडतोब दवाखाना गाठा आणि टॅम्पॉन वापरत होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.