हेअर ड्रायरनं ट्यूबचा डाग जात नाही, ट्यूब जाते

महिनाभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. बहुतेक शिराळा-वाळव्याकडचे, एक पाटणचा. कुणाला चांदोलीच्या बाजूला रात्री गवे बघायचा नाद, कुणाला उसाला पाणी पाजायला जायच्या आधी फडात बिबट्या नाही ना एवढं बघायचं असतं. मेसेज थोडक्यात असा: 'नाइट व्हिजनच्या ट्यूबमधले काळे ठिपके म्हणजे आत साचलेली घाण. कंपन्या हे लपवतात, कारण त्यांना नवी ट्यूब विकायची असते. घरच्या घरी उपाय करा. हेअर ड्रायरनं गरम करून हळूच ठोका. चालू करून बल्बसमोर धरा, डाग जळून जातील. रंगीत टीव्हीसारखं चुंबक फिरवा. आतला स्क्रू फिरवून गेन (उजेड वाढवायचं प्रमाण) वाढवा. तरीही राहिले तर ट्यूब उघडून स्पिरिटनं पुसा.' खाली 'शंभर टक्के अनुभव' आणि जोडलेले हात.

मी सांगलीत टीव्ही दुरुस्त करत आलो. टीव्ही चपटे झाले तसा कॅमेरे आणि दुर्बिणींकडे वळलो. त्यामुळे हा मेसेज लिहिणाऱ्याचं डोकं कुठं गेलं ते मला नीट कळतं. तो टीव्हीवाला असणार.

आधी एक गोष्ट. ट्यूब म्हणजे अंधारातला मंद उजेड वाढवून दाखवणारी निर्वात नळी. हा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे ती नाहीच. भर दिवसा बिनधास्त वापरता येतं, फोटो काढतं, कार्डावर साठवतं, ते यंत्र डिजिटल. त्यात मोबाइलसारखा सेन्सर असतो आणि न दिसणारा उजेड टाकणारे एलईडी. त्यातला ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल किंवा सेन्सरवरची धूळ. त्यांनी हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

आता 'आत साचलेली घाण'. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. तिथं धूळ साचायला वाटच नाही. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला फोटोकॅथोडचा पातळ थर असतो. त्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. ट्यूबच्या पिढ्या मानतात, पहिली सगळ्यात जुनी. दुसऱ्या पिढीपासून पुढं त्याच्यामागे एक चकती असते, तिला लाखो बारीक भोकं. एकेक भोक साधारण दहा मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं. इलेक्ट्रॉन भोकाच्या भिंतींवर आपटत जातो आणि एकाचे हजारो होतात. ते शेवटी फॉस्फरच्या पडद्यावर पडून हिरवं चित्र उमटतं. ठिपका काळा दिसतो, कारण या वाटेवर कुठंतरी खोट आहे: भोकं बुजलेली, थराला खड्डा, पडद्यावर फॉस्फर नाही, किंवा बनवतानाच अडकलेला कण. पुण्यात भोसरीला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत अशा ट्यूब बनतात. धूळमुक्त खोलीत, निर्वात यंत्रात बनवूनसुद्धा काही ठिपके राहतातच.

आणि कंपन्या ते लपवत नाहीत. चांगल्या ट्यूबसोबत मोजणीचा कागद येतो. १८ मिलिमीटरच्या वर्तुळाचे तीन भाग पाडून कुठल्या भागात किती आकाराचे किती ठिपके, हे त्यावर लिहिलेलं असतं. मधल्या भागात नियम कडक, कडेला सैल. जास्त ठिपक्यांची ट्यूब स्वस्तात विकली जाते, तेही सांगून.

मग 'शंभर टक्के अनुभव' कुठून आला? खोटाच असेल असं नाही. पुष्कळदा ठिपका ट्यूबच्या बाहेर असतो. बऱ्याच ट्यूबना मागच्या बाजूला फायबर-ऑप्टिकची तबकडी असते. चित्र तिच्या बाहेरच्या तोंडापर्यंत येतं आणि डोळ्याकडची लेन्स नेमकी तिथंच फोकस होते. त्या तोंडावर धुळीचा कण बसला की तो ट्यूबमधल्या डागाइतकाच ठसठशीत दिसतो. एखाद्यानं यंत्र उघडलं, ड्रायरच्या वाऱ्यानं कण उडाला, आणि भाऊंना वाटलं उष्णतेनं डाग वितळला! पुढच्या लेन्सवरची धूळ मात्र ठिपका म्हणून दिसतच नाही, हे कित्येकांना पटत नाही.

ओळखायचं कसं? डोळ्याकडची लेन्स फिरवा. ठिपका तिच्याबरोबर फिरला तर तो लेन्सवर आहे. जागेवर राहिला तर एक तर तबकडीच्या तोंडावर किंवा ट्यूबच्या पोटात. तोंडावरचा कण रबरी फुग्याच्या हवेनं उडवावा, नाही निघाला तर लेन्स पुसायच्या कागदावर आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) एक थेंब घेऊन हलक्या हातानं. घरी करण्यासारखं तेवढंच. तेसुद्धा पावसाळ्यात शिराळ्याला बसून नको. बऱ्याच यंत्रांत ओल येऊ नये म्हणून नायट्रोजन भरलेला असतो. एकदा उघडलं की तो गेला, आणि पुढच्या आषाढात लेन्सवर बुरशी.

चुंबकाचा मुद्दा वाचून मला हसू आलं आणि जुने दिवसही आठवले. टीव्हीजवळ स्पीकर ठेवला की कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडायचा. आम्ही डीगॉसिंग कॉइल, म्हणजे चुंबकपणा घालवणारं वेटोळं, फिरवायचो, डाग साफ, गिऱ्हाईक खूश. पण तिथं आत लोखंडी जाळी असायची, ती चुंबकाळलेली असायची. इथं तशी जाळी नाही. पहिल्या पिढीच्या जुन्या रशियन ट्यूबजवळ जोरकस चुंबक नेलं तर चित्र आणि कधीकधी ठिपकाही सरकतो, त्यानं माणूस फसतो. चुंबक काढलं की दोन्ही परत जागेवर.

गेन वाढवण्याची कल्पनाही टीव्हीचीच. पिक्चर ट्यूब मंद झाली की हीटरचं ६.३ व्होल्ट वाढवून आम्ही ती 'बूस्ट' करायचो. कॅथोड जास्त तापला की पृष्ठभाग ताजा व्हायचा आणि गिऱ्हाइकाचं आणखी वर्षभर भागायचं. फोटोकॅथोडला हीटरच नाही. गेन वाढवला की चित्र उजळतं, चित्रातली दाणेदार खसखस वाढते, काळा ठिपका काळाच राहतो. उलट त्याच्याभोवतीचा उजेड वाढल्यानं जास्त उठून दिसतो. झाकण लावूनही एखादा पांढरा ठिपका चमकत असेल, तर तिथून इलेक्ट्रॉन आपोआप सुटताहेत. गेन वाढवला की तो आणखी फोफावतो. अशा वेळी बॅटरी काढून ठेवावी.

गरम करून ठोकण्याबद्दल फार लिहायला नको. बऱ्याच ट्यूबचं तोंड इंडियम या मऊ धातूनं बंद केलेलं असतं. तो १५७ अंशांच्या आतच वितळतो, आणि जोडणीत सूक्ष्म फट पडायला वितळावंही लागत नाही. ठोकून आतला कण हलला तरी जाणार कुठं? दुसरीकडे बसेल, कदाचित बरोबर मध्यभागी.

उघडून पुसणं म्हणजे तर कळसच. दुसऱ्या पिढीच्या फोटोकॅथोडमध्ये सोडियम, पोटॅशियम, सीझियम असतं. हवा लागताच ते संपतं आणि ट्यूब कायमची आंधळी होते. तिसऱ्या पिढीत तर गॅलियम आर्सेनाइड, नावातच आर्सेनिक. शिवाय पडद्याला हजारो व्होल्ट जातात आणि बॅटरी काढल्यावरही काही काळ ते आत टिकू शकतात.

राहिला बल्ब. इथं अर्धं सत्य आहे. यंत्र चुकून रस्त्यावरच्या दिव्याकडे रोखलेलं राहिलं तर त्या दिव्याची छाप उरते. ताजी, हलकी छाप अंधाऱ्या खोलीत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून काही तास मंद उजेडात चालवल्यावर फिकी होऊ शकते. पण ती छाप, ठिपका नव्हे. आणि भिंत म्हणजे बल्ब नव्हे. झगझगीत उजेडानं डाग जळत नाही, त्याच्या आजूबाजूची चांगली जागा झिजते.

पाटणच्या गड्यानं मला विचारायच्या आधीच हा प्रयोग केला होता. कडेला, घड्याळात सात वाजतात तिथं, दोन बारीक ठिपके होते. चार वर्षं त्यांची अडचण झाली नव्हती. यंत्र घेऊन आला तेव्हा ते दोन्ही जागेवर होते. मध्यभागी एलईडी बल्बच्या आकाराचा गोल, काळपट डाग नवा आला होता. आता ज्या गव्याकडे बघेल त्याच्या पोटात तो बल्ब असतो.