घर झालं, फोटो काढला, फाईल बंद

परवा एक काका म्हणाले, "तू श्रीलंकेत होतीस ना? आम्ही कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा करून आलो. मस्त झालंय सगळं आता." उत्तरेला गेला होतात का, विचारलं. "तिकडे काय आहे?"

तिकडे किलिनोच्ची आहे. २०१३ मध्ये मी तिथे घरबांधणीच्या कामावर होते. कोलंबोहून रात्रीची बस, ए-९ रस्ता, ओमंताईला तपासणी, मग मुरिकंडीचा पिल्लैयार, म्हणजे आपला गणपतीच. गाड्या तिथे थांबतातच. कापूर लावायचा, शेंगांची पुडी घ्यायची, निघायचं. पुढे शेंडे उडालेले ताड आणि सुरुंगांचा इशारा देणाऱ्या लाल पाट्या. किलिनोच्चीत श्रीलंकेचं लष्कर आणि एलटीटीई यांच्यातल्या युद्धात आडवी झालेली पाण्याची अवाढव्य टाकी तशीच ठेवून शेजारी आठवणवस्तूंचं दुकान थाटलं होतं. दक्षिणेकडचे पर्यटक तिच्यापुढे फोटो काढायचे. गावातली माणसं तिकडे मानही वळवायची नाहीत.

मे २००९ मध्ये युद्ध संपलं तेव्हा जवळजवळ ३ लाख लोक छावण्यांत होते, बहुतेक वव्हुनियाजवळच्या मेनिक फार्ममध्ये. ती छावणी २०१२ मध्ये बंद झाली. लोक परतले तर जागेवर नुसतं रान. भारत सरकारने ५०,००० घरांची योजना आणली. बहुतेकांना साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, तेही टप्प्याटप्प्याने थेट बँक खात्यात. ज्याचं घर त्यानेच बांधायचं. हे मला मनापासून पटतं. मी लातूरकडची. किल्लारीच्या भूकंपानंतर कंत्राटदारांनी उभ्या केलेल्या वसाहती बघत वाढले, रांगेत मांडलेली घरं आणि गुरं बांधायला जागा नाही.

आमची संस्था वेगळी, छोटी, पण पद्धत हीच. आणि माझं भांडण इथूनच सुरू होतं. जोत्याचा फोटो दाखवा, पुढचा हप्ता घ्या. भिंतींचा दाखवा, छपराचा घ्या. दोन हप्त्यांच्या मधे सिमेंट महागतं, गवंडी मजुरी वाढवतो. बायकांचं किडूकमिडूक युद्धातच विकलेलं. मग मोटारसायकलवरून फायनान्सवाला येतो, आठवड्याच्या हप्त्याने पैसे देतो. छपराचा फोटो आला की आमच्या लेखी पुनर्वसन झालं. त्याच दारात दर आठवड्याला वसुलीवाला उभा, तो कुठल्याच फोटोत नाही. मी तेव्हाही बैठकीत बोलले होते, आजही म्हणते: घराबरोबर कर्जाचीही नोंद ठेवा, आणि शेतीला, मासेमारीला चार पैसे आधी द्या. "आपल्या कार्यकक्षेत येत नाही," हे उत्तर मिळालं. (चहा मात्र उत्तम होता.)

मुल्लैतिवूकडे एक अक्का होती. हो, तमिळमध्येही अक्काच. नकाशात खोल्या दोन, तिने तीन बांधल्या, कमी पडलेल्या पैशांसाठी कर्ज काढून. माझ्या अर्जात रकाना होता, 'वाढीव बांधकामाचे कारण'. विचारलं. मे २००९ मध्ये वट्टुवाकल पुलापाशी तिने मुलाला स्वतः हात धरून सैनिकांच्या हवाली केलं होतं. चौकशी करून सोडू म्हणाले होते. "तो आला तर झोपेल कुठे?"

मी रकान्यात लिहिलं, 'कुटुंबातील सदस्यसंख्या'. महिन्याने वरून शेरा आला: नोंदणीत नावं तीनच, चौथा सदस्य कोण?

मी तिथून निघेपर्यंत ती फाईल बंद झाली नव्हती.