तीनशे सत्तरचे पेट्रोल

गेल्या रविवारी घाटंजीहून पांढरकवड्याला एका साक्षगंधासाठी जात असताना माझी गाडी पेट्रोल संपून रस्त्यात उभी राहिली. ती का उभी राहिली याची सविस्तर चौकशी एका अनोळखी बाबाजींनी रपट्याच्या कठड्यावर बसून, खर्रा घोटत, माझ्या पत्नीच्या साक्षीने पूर्ण केली. निकाल माझ्या विरोधात गेला. तो मला अजूनही पूर्णपणे मान्य नाही.

आधी माझी बाजू. माझ्या गाडीची टाकी ३५ लिटरची आहे आणि साधारण ५ लिटर पेट्रोल उरले की काट्याखाली पिवळा दिवा लागतो. ५ लिटर म्हणजे ७० किलोमीटर, हा माझा वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. त्यात चूक एवढीच की हे ७० किलोमीटर दिवा लागल्यापासून मोजायचे असतात आणि मी ते दिवा माझ्या लक्षात आल्यापासून मोजतो. रविवारी दिव्याचा तिसरा दिवस होता.

तरीही मी पंपावर गेलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. पण तिथे टँकर रिकामा होत होता, आणि टँकर रिकामा होत असताना विक्री बंद असते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. मात्र “अर्धा-पाऊण तास लागंन,” हे वाक्य तिथल्या मुलाने मोबाइलवरची नजर न हलवता उच्चारले, आणि माणसाला घाई असली की असल्या वाक्याने त्याच्यातला जुगारी जागा होतो. पुढच्या पंपापर्यंत गाडी सहज जाईल, असे मी ठरवले. पत्नी काही बोलली नाही. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाल्यामुळे या न बोलण्याचा अर्थ मला कळतो, पण कळूनही उपयोग होत नाही.

दोन्ही बाजूंना बोंडे फुटून पांढरीशुभ्र झालेली पऱ्हाटी उभी होती आणि वेचणाऱ्या बाया कमरेला ओटे बांधून तासातासाने पुढे सरकत होत्या. अशा रम्य ठिकाणी गाडीने दोन आचके दिले आणि ती रपट्याच्या अलीकडे थांबली. मोबाइलला टॉवर नव्हता. रपट्यावर बाबाजी होते.

बाबाजींनी पन्नीतला खर्रा मांडीवर ठेवून तळहाताने घोटायला सुरुवात केलेली होती. ज्यांनी विदर्भात खर्रा घोटला जाताना पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की या क्रियेला घाई चालत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा एकजीव होईपर्यंत घोटणाऱ्याचे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळे असते.

“पेट्रोल सरलं का जी?” त्यांनी विचारले.

“हो.”

“कितीचं टाकलं होतं?”

“पाचशेचं.”

“कवा?”

मला दिवस आठवेना. गाडीतून पत्नीने खिडकीची काच खाली केली आणि सांगितले, “बाबाजी, मागच्या सोमवारी.”

“सोमवारी,” बाबाजी खर्रा घोटत म्हणाले. “मंग काटा दिसत नव्हता का?”

“दिसत होता,” पत्नी म्हणाली. “मी परवाच म्हटलं होतं.”

इथून पुढे मला प्रश्न विचारले गेले नाहीत. बाबाजी विचारत होते, पत्नी उत्तरे देत होती आणि मी दोघांच्या मध्ये गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होतो. टाकी किती लिटरची, गाडी ॲव्हरेज किती देते, यापूर्वी असे किती वेळा झाले, हे सर्व तपशील त्यांनी घेतले. “दोन वेळा,” असे पत्नीने सांगितले. प्रत्यक्षात एकदाच झाले होते. दुसऱ्या वेळी गाडी पंपाच्या फाटकातच बंद पडली होती, आणि पंपाच्या फाटकात बंद पडणे म्हणजे रस्त्यात बंद पडणे नव्हे. हा मुद्दा मी मांडला. बाबाजींनी क्षणभर हात थांबवला आणि पुन्हा घोटायला सुरुवात केली.

“तुमच्याकडे गाडी आहे का बाबाजी?” मी शेवटी विचारले.

“नाई. मायाकडे बैल होते. आता तेही नाई.”

“मग टाकी किती खाली जाऊ द्यायची, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“त्याले गाडी कायले पायजे?” बाबाजी म्हणाले. “कोठीतली ज्वारी सरत आली तरी बिजवाई कोणी खाते का? बिजवाई खाल्ली का पेरणीच्या वक्ती सावकाराच्या दारात उभं राहा लागते. तुमचं तसंच झालं. तुम्ही तीन दिवसांपासून बिजवाई खाऊन राह्यले.”

पत्नीने काच पूर्ण खाली केली. ज्या गृहिणीच्या मते गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली कधीही जाऊ नये, तिला इतका मोठा आधार यापूर्वी कुठे मिळालेला नव्हता.

खरे तर माझ्या पद्धतीलाही परंपरा आहे. माझ्या वडिलांकडे चेतक स्कूटर होती. तिच्या पेट्रोलच्या चावीला बंद, चालू आणि रिझर्व्ह अशा तीन जागा होत्या. पेट्रोल उतरले की स्कूटर खोकायची, वडील चालत्या गाडीवर खाली हात घालून चावी रिझर्व्हला फिरवायचे आणि तेही संपले की स्कूटर एका कुशीवर निजवून तळाचे थेंब गोळा करायचे. रिझर्व्ह तेव्हा हाताला लागायचे. आता ते एका पिवळ्या ठिपक्यात राहते, आणि टाकीतला फ्लोट चढावर एक सांगतो, उतारावर दुसरे. आमच्या मेकॅनिकचे म्हणणे आहे की तळाचा गाळ ओढला जातो म्हणून टाकी रिकामी करू नये. हे मला पटत नाही, कारण टाकी भरलेली असो की रिकामी, पेट्रोल नेहमी तळातूनच ओढले जाते. त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. टाकीतला विजेचा पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवते. पेट्रोल तळाला गेले की तो तापतो, आणि तो जळाला की जे बिल येते त्यात चार-पाच टाक्या भरतील.

मग मी टाकी का भरत नाही? कारण पेट्रोलचा भाव शंभरीपार गेल्यापासून टाकी भरणे म्हणजे साडेतीन हजार रुपये एका दमात मोजणे आहे, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर हे रुपये टाकीत निजवून ठेवणे माझ्या जिवावर येते. पूर्वी भाव वाढणार अशी बातमी आली की लोक आदल्या रात्री रांगा लावून टाकी भरत, तेवढे तरी निमित्त होते. १६ जून २०१७ पासून भाव रोजच्या रोज बदलू लागले आणि तेही गेले. पाचशेचे टाकल्याने पेट्रोल कमी जळत नाही, हे मला कळते. पाचशेत आता ५ लिटरही येत नाही, हेही कळते.

टिपेश्वरच्या जंगलाचा भाग जवळ असल्यामुळे पत्नीला वाघाची काळजी वाटू लागली होती. मी तिला सांगितले की २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर चालत गेला होता. “त्यानं वाटेत खाल्लं असंन नं,” बाबाजी म्हणाले. पत्नी हसली. त्या दिवसातले तिचे ते पहिले हसू होते आणि ते माझ्या वाट्याचे नव्हते.

अखेर बाबाजींनी शेतातून एका पोट्ट्याला हाक मारली. गावातल्या किराणा दुकानात पेट्रोल मिळते म्हणे. बाटलीत पेट्रोल मिळणार नाही, अशी पाटी पंपांवर असते, तरीही खेड्यातल्या दुकानात ते बाटलीतच मिळते. माझ्या खिशात पाचशेची एकच नोट होती. ती घेऊन तो मुलगा सायकलवर निघून गेला आणि पुढची वीस मिनिटे मी रस्त्याकडे ज्या नजरेने पाहत होतो, ती बाबाजींनी ओळखली. “येते तो,” ते म्हणाले. तो आला. एक लिटरचे त्याने १३० रुपये दिले होते आणि ३७० माझ्या हातावर मोजून ठेवले.

बाटलीतले पेट्रोल गाडीत ओतणे हे वाटते तितके सोपे नसते. टाकीच्या नळीच्या तोंडाशी आत एक झडप असते आणि ती काहीतरी खुपसल्याशिवाय उघडत नाही. मुलाने पाण्याच्या दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग विळ्याने कापून नरसाळे केले, बाबाजींनी वाळलेल्या पऱ्हाटीची एक काडी सोलून दिली, आणि मी एका हाताने काडीने झडप दाबत दुसऱ्या हाताने ओतू लागलो. पाऊण लिटर गाडीत गेले. उरलेले साक्षगंधासाठी इस्त्री केलेल्या पॅंटवर आले. “याच्यात आता उसाचं पाणी घालून राह्यले म्हणतात,” बाबाजी वास घेत म्हणाले. मी तीन वेळा किल्ली फिरवली, पंपाने पेट्रोल ओढले आणि गाडी सुरू झाली.

बाबाजी पुढच्या सीटवर बसले. त्यांना पांढरकवड्यालाच जायचे होते, हे त्यांनी आत्ता सांगितले.

पुढच्या पंपावर मी मनाशी ठरवले होते की टाकी फुल्ल करायची. पण नेटवर्क नव्हते, क्यूआर कोड नुसताच भिंतीवर होता आणि कार्डाचे यंत्र गोल फिरत राहिले. पत्नीच्या पर्समध्ये ५०१ रुपयांचे आहेराचे पाकीट होते. “आहेराला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. मी ३७० रुपये पुढे केले.

“तीनशे सत्तरचं?” मुलाने विचारले. “चारशे करून टाकू का?”

माझ्याजवळ तीस रुपये नव्हते. बाबाजींनी बंडीच्या खिशातून दहाच्या तीन नोटा काढल्या, अंगठ्याने सरळ केल्या आणि खिडकीतून मुलाच्या हातात दिल्या. मी नको म्हणेपर्यंत मीटरवर शून्य आले होते.

ते तीस रुपये अजून माझ्याकडे आहेत. दोनदा त्या रस्त्याने जाऊन आलो, काटा दोन्ही वेळा पावच्या वर होता, रपट्यावर कोणीच नव्हते. परवा मागच्या चाकात हवा कमी होती. हवा मोफत, असे पंपावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि खाली कॉम्प्रेसर बंद होता. पंक्चरवाल्याने वीस घेतले. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दहाच आहेत.