फोन तोच आहे, पलीकडची लाइन बदलली आहे

नमस्कार,

डायलचा जुना फोन आजच्या लाइनवर चालवण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डायलच्या जुन्या फोनला चिप जोडून टोन पाठवायला लावलं की तो अस्सल राहत नाही, त्याचं खेळणं होतं, अशी वस्तू आहे तशी काचेच्या कपाटात ठेवावी. शेवटी तुम्ही हेही लिहिलंत, की तुमच्याकडच्या फोनवर डायल टोन येतो पण नंबर लागत नाही, म्हणून त्याचं आयुष्य संपलं असं धरून तुम्ही तो ठेवून दिलात. त्या शेवटच्या वाक्याने मला जास्त चुटपुट लागली. त्याकडे येतोच.

आधी जिथे आपलं जमतं ते. फोनच्या पोटातलं सगळं काढून टाकायचं, घंटीच्या जागी मोबाइलचं मॉड्यूल आणि बॅटरी कोंबायची आणि वरचं बेकेलाइटचं कवच तेवढं मिरवायचं, याला मीही नासधूसच म्हणतो. पण मी लिहिलेला बदल तो नाही. डायलचे जुने संकेत आजच्या लाइनला कळणाऱ्या टोनमध्ये बदलणारी कन्व्हर्टरची डबी भिंतीवरचं सॉकेट आणि फोन यांच्या मध्ये बसते. ती काढून घेतली की फोन जसाच्या तसा उरतो. आत ना भोक, ना कापलेली तार. माझा आग्रहच तो आहे: फोन बदललेला नाही, लाइन बदलली आहे, तर जो काही बदल करायचा तो लाइनच्या बाजूला करावा.

आता ‘अस्सल’ या मुद्द्याबद्दल. बोटाने डायल फिरवताना फोन लाइनवर काहीच पाठवत नाही, तेव्हा फक्त स्प्रिंग ताणली जाते. बोट काढल्यावर डायल माघारी येते आणि येताना लाइनचा प्रवाह तोडते-जोडते: ५ ला पाच वेळा, ० ला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा या वेगाने. अशा एका तुटण्या-जुळण्याला पल्स म्हणतात. म्हणजे एका पल्सला सुमारे १०० मिलिसेकंद, त्यातला साठेक मिलिसेकंद प्रवाह तुटलेला. हा वेग तुमच्या बोटावर सोडलेला नाही. आत एक गव्हर्नर असतो: फिरता फिरता त्याची छोटी वजनं बाहेर फेकली जातात, वाटीच्या कडेला घासतात आणि डायलला लगाम घालतात. आपण घाईत असू नाहीतर निवांत, माघारीचा वेग तोच. डायल उघडून हे एकदा डोळ्यांनी पाहा. इतक्या साध्या घर्षणावर इतकी नेमकी वेळ राखणारं यंत्र मला अजूनही थक्क करतं.

हे पल्स मोजायचे कोणी? अमेरिकेतल्या अल्मन स्ट्राउजर यांना ऑपरेटरशिवाय नंबर जोडणाऱ्या स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये मिळालं. त्या पद्धतीच्या एक्स्चेंजात प्रत्येक पल्ससरशी सिलेक्टर, म्हणजे नंबर निवडणारा यांत्रिक स्विच, खरोखर एकेक पायरी चढायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, तिथे तेच पल्स मोजून आकडा मेमरीत टिपला जाऊ लागला. १९६३ पासून अमेरिकेत बटणांचे टोनवाले फोन ग्राहकांना मिळू लागले, तरी एक्स्चेंज दोन्ही भाषा समजत राहिली. आज लाइन बहुधा फायबरच्या डबीतून किंवा राउटरच्या फोन पोर्टमधून येते, आणि त्यांतल्या अनेकांमध्ये पल्स मोजायची सोयच ठेवलेली नसते. कन्व्हर्टर करतो ते एवढंच: पल्स मोजतो, थोडी विश्रांती आली की आकडा पुरा झाला असं धरतो आणि त्या आकड्याचे दोन सूर लाइनवर सोडतो. ५ साठी ७७० आणि १३३६ हर्ट्झ. एक्स्चेंजमधला मोजणारा फोनच्या शेजारी येऊन बसला, इतकाच फरक. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजने पल्सचा मेमरीतला आकडा केला तेव्हा फोन नकली ठरला नव्हता, मग आता का ठरावा?

(परदेशातून आलेला फोन असेल तर आधी डायलवरचे आकडे बघा. स्वीडनच्या डायलवर ० म्हणजे एकच पल्स, आणि न्यूझीलंडमध्ये तर १ ला नऊ पल्स. कन्व्हर्टरच्या डबीला हे सांगावं लागतं.)

कपाटाबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे. वापराने झीज होते हे खरं, पण न वापरल्याने होणारं नुकसान दिसत नाही म्हणून ते कमी नसतं. डायलमधलं तेल चिकट होतं, प्रवाह तोडणाऱ्या-जोडणाऱ्या धातूच्या संपर्कांवर काळा थर चढतो, माइकमधले कार्बनचे कण एकमेकांना धरून बसतात. आठवड्यातून एखादा फोन लावला तरी हे सगळं हलतं राहतं.

धोक्याचं म्हणाल तर बोलण्याचा प्रवाह वीस-चाळीस मिलिअँपिअरचा असतो आणि तो लाइनच आवरते. घंटी वाजताना मात्र ७५ ते ९० व्होल्ट एसी येऊ शकतो, म्हणून कवच उघडण्याआधी प्लग काढायचा. राउटरच्या काही पोर्टांची घंटीची ताकद कमी असते. तिथे जुनी घंटी नुसती कुरकुरते. तो दोष पोर्टचा, घंटीच्या कॉइलला हात लावू नका.

आणि जुनी कॉर्ड कापू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. तिच्यात नेहमीची तार नसते. सुती धाग्याभोवती तांब्याची केसासारखी पातळ पट्टी गुंडाळलेली असते. कापली की टोक पिसारतं आणि सोल्डर धड धरत नाही. टोकाला कारखान्यात दाबून बसवलेलं टर्मिनल असतं, तेच स्क्रूखाली पुन्हा वापरायचं.

आता तुमचा फोन. डायल टोन येतो, म्हणजे हूक, रिसीव्हर, कॉर्ड सगळं शाबूत आहे. रिसीव्हर उचलून फक्त ५ फिरवा. डायल फिरत असताना कानात शांतता असेल, ती आतल्या संपर्काची करामत. ती हिशेबात धरू नका. डायल जागेवर आल्यावर डायल टोन पुन्हा तसाच ऐकू आला, तर रिसीव्हर ठेवतो तिथलं हुकाचं बटण हाताने पाच वेळा झटपट दाबा. आता टोन थांबला, तर लाइनला पल्स कळतात आणि तुमच्या डायलचे संपर्क मळले आहेत. याही वेळी टोन परतच येत राहिला, तर लाइन पल्स ऐकतच नाही आणि तुम्हाला हवी आहे ती फक्त मधली डबी. तिसरी शक्यता, टोन थांबतो पण भलताच नंबर लागतो. मग ० फिरवून सोडा. माघारी यायला सेकंदाहून किंचितच जास्त वेळ लागायला हवा. दोन-अडीच सेकंद लागत असतील तर डायल जड झाली आहे. मधल्या आसाला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब द्या, पण गव्हर्नरची वाटी कोरडीच राहू द्या, नाहीतर ती उलट सुसाट पळेल.

काय आढळलं ते इथेच लिहा, आणि फोनच्या तळाशी मॉडेलचा क्रमांक छापलेला दिसला तर तोही कळवा. मग दोन तारा नेमक्या कोणत्या स्क्रूंना लावायच्या ते बघू.