शॉर्टस्टॉपच्या एरर आणि माझे ६० मार्क: कमेंटला उत्तर

नमस्कार. कमेंट सडेतोड आहे, त्यामुळे दोन ओळीत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मागच्या पोस्टमध्ये मी बेसबॉलच्या ज्या १९ वर्षांच्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) फिल्डिंगला ६० दिले त्याच्या एररचा (नावावर लागलेल्या फिल्डिंगच्या चुकांचा) ढीग पडलाय, बॅटिंग यथातथाच, इतका उंच असल्यामुळे तो त्या जागेवर टिकणार पण नाही, आणि मी त्याच्या स्टाइलवर भाळलोय. "आकडे खोटं बोलत नाहीत."

पहिलं म्हणजे ते ६० आजचे नाहीत हो. स्काउट लोक (खेळाडू पारखणारे) २० ते ८० च्या स्केलवर आजचा आणि पुढचा असे दोन ग्रेड देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) ॲव्हरेज. मी आजचे ४५ दिलेत, पुढचे ६०. तुम्ही ४५ वाचलेच नाहीत बहुतेक.

आता एरर. ऑफिशियल स्कोअररला वाटलं की साधारण प्रयत्नात हा आऊट व्हायला हवा होता, की लागली एरर. पण जो बॉलपर्यंत पोचतच नाही त्याचं काय? बॅटरला हिट मिळते आणि याची पाटी कोरी! पोस्टमध्ये लिहिलेली ती प्ले परत बघा, मी सात-आठ वेळा मागे नेऊन बघितलीय. बॅटला बॉल लागायच्या क्षणी त्याची ती छोटी उडी संपून दोन्ही पाय जमिनीवर येतात, मग तिसऱ्या बेसच्या बाजूला चार-पाच पावलं, बॅकहँडने अगदी टप्प्यावरच बॉल उचलला, उजवा पाय रोवला आणि थ्रो. बॅटर पहिल्या बेसवर साधारण ४.३ सेकंदात पोचतो, एवढ्यात हे सगळं बसवायचं असतं. थ्रो आखूड पडला, फर्स्ट बेसमनला उचलता आला नाही, एरर याच्या नावावर. हळू पोरगा असता तर बॉल सरळ लेफ्ट फिल्डला गेला असता आणि त्याला कोणी काही म्हणालं नसतं.

त्याच्या बहुतेक एरर अशा आहेत, घाईतल्या थ्रोच्या. हात कडक असते, सरळ येणारा बॉल ग्लोव्हला आपटून उडत असता तर मी पण ६० दिले नसते, कारण तो दोष सहसा जात नाही. थ्रोची घाई वयाने कमी होते.

डेरेक जीटरने १९९३ ला ग्रीन्सबरोला, म्हणजे खालच्या मायनर लीगमध्ये, एका सीझनमध्ये ५६ एरर केल्या. ५६! १९९६ ला तो मेजर लीगमध्ये यँकीजचा शॉर्टस्टॉप आणि रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू). (गंमत म्हणजे पुढे एरर कमी झाल्या, फिल्डिंगचे पाच गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाले, तरी याची रेंज नाही, लांबच्या बॉलपर्यंत हा पोचत नाही म्हणून लोक शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. एररच्या आकड्याने दोन्हीकडून फसवलं.) म्हणून जास्त एरर करणारा प्रत्येक पोरगा जीटर होतो असं नाही, भलताच अर्थ काढू नका.

आकडे खोटं बोलत नाहीत म्हणता, तर ब्रँडन वुड बघा. २००५ ला मायनर लीगमध्ये रँचो कुकामोंगाला शॉर्टस्टॉप असून ४३ होमरन, सगळे खूश, आणि मेजर लीगमध्ये करिअर बॅटिंग ॲव्हरेज .१८६, म्हणजे फारच कमी. रँचो कुकामोंगाच्या त्या मायनर लीगमध्ये बॉल लांब उडतो, हे तेव्हाही माहीत होतं की सगळ्यांना.

उंचीचं पटलं नाही. मेजर लीगचा शॉर्टस्टॉप कॅल रिपकेन ६ फूट ४ इंच होता आणि १९९० चा अख्खा सीझन शॉर्टस्टॉपला खेळून त्याच्या फक्त ३ एरर होत्या. मला भीती आहे ती कमरेखाली वजन वाढण्याची. तसं झालं, हा हळू झाला, तर त्याला थर्ड बेसला हलवावं लागेल, आणि तिथे मग बॅटमधून जास्त पॉवर लागते.

आणि बॅटिंगवर तुम्ही बरोबर आहात, इथे मीच गंडलो. मी बघितलेल्या तीन मॅचमध्ये त्याला पिचरनी फास्टबॉलच दिले आणि मी खूश होऊन ५५ लिहून मोकळा झालो. तुमच्या कमेंटनंतर अजून दोन मॅच बघितल्या. बाहेर जाणाऱ्या स्लायडरला (शेवटी आडवा वळणारा पिच) त्याचा पुढचा खांदा आधीच उघडतो, बॉल प्लेटबाहेर आणि हा फिरवून मोकळा. हिटचे ४५ केलेत.

फिल्डिंगचे ६० मात्र तसेच राहतील. तुम्ही सगळे गेम बघताच, तर त्याच्या थ्रोच्या एरर वेगळ्या आणि ग्लोव्हच्या वेगळ्या मोजून ठेवा ना. ग्लोव्हच्या जास्त निघाल्या तर इथेच सांगा.